जागा नंबर सतरा

२८ सप्टेंबर, रविवार

लेटाचा फोन. आम्ही वेगळे झाल्यापासून ही मुलगी दर रविवारी चर्चहून आली की फोन करते. दोघांशी सारखाच वेळ बोलते, एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी व्हायला नको म्हणून. आज म्हणाली, "आई, बेअरपेनचं काय करणार आहेस?"

"काय करायचंय? जाणार आहे."

"आणि बाबा?"

"त्यांनाच विचार."

"विचारलं. म्हणाले, तिची मर्जी."

हेच ते दोन शब्द. जेवायला काय करू? तुझी मर्जी. भिंतींना रंग कोणता? तुझी मर्जी. निवृत्त झाल्यापासून हॉइट गॅरेजमध्ये रेडिओ लावून बसायचा आणि जेवायला घरात यायचा. फेब्रुवारीत एकदा चिडून मी म्हटलं, मग वेगळंच राहू या का? त्यावरही तेच म्हणाला. पुढच्या आठवड्यात मी वकीलबाईंकडे गेले. तो 'नको' म्हणेल अशी माझी खात्री होती. त्यानं सही केली, पेन झाकण लावून परत दिलं आणि आपल्या भावाकडे राहायला गेला.

दर वर्षी चार दिवस आम्ही मुक्काम करतो ती बेअरपेन फॉल्सच्या पार्कमधली सतरा नंबरची जागा मात्र त्याआधीच, गेल्या ऑक्टोबरात घेऊन ठेवलेली आहे. तेव्हा आम्ही एका छपराखाली होतो. ज्याच्या नावावर जागा असेल तो माणूस हजर पाहिजे, आणि नाव बदलता येत नाही, असा तिथला नियम आहे. नाव माझं. ट्रेलर, म्हणजे आमची चाकांवरची खोली, हॉइटचा, तो ओढणारा ट्रकही त्याचाच. माझ्याशिवाय त्याला फाटकातून आत सोडणार नाहीत. त्याच्याशिवाय मला तंबूत झोपावं लागेल, आणि माझी कंबर ते ऐकणार नाही.

वकीलबाईंनी सगळ्याची वाटणी केली आहे. घर मला, ट्रेलर त्याला, फ्रीझरमधलं हरणाचं मांससुद्धा निम्मं निम्मं. सतरा नंबरची वाटणी झाली नाही, कारण ती आमची नाहीच, टेनेसी सरकारची आहे. कोर्टाची तारीख नोव्हेंबरात आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटी मीच हॉइटला फोन केला. अटी सांगितल्या. ट्रेलरमध्ये मी झोपेन, तो ट्रकच्या मागच्या भागात, टपाखाली. जेवणखाण आपापलं. लोकांना काही सांगायचं नाही.

तो "हं" म्हणाला. अटींना की नुसताच, कळलं नाही.

शनिवारचं मात्र मी काढलं नाही, त्यानंही नाही. बेअरपेनच्या जागा बरोबर वर्षभर आधी फोनवर आरक्षणाला खुल्या होतात, सकाळी आठ वाजता. म्हणजे आपण तिथे असतो त्याच शनिवारी पुढच्या वर्षीचे तेच दिवस उघडतात, आणि पानं रंगतात त्या आठवड्यातली सतरा नंबरची जागा डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात जाते. इतकी वर्षं फोनवर बोट माझं असायचं आणि हॉइट शेजारी कॉफी धरून उभा. यंदा माणसं दोन झाली आहेत आणि जागा एकच आहे. ज्याच्या नावावर लागेल तो पुढच्या वर्षापासून जाईल. दुसऱ्याचं बेअरपेन संपलं.

मी सोडणार नाही हे इथे लिहून ठेवते.

४ ऑक्टोबर, शनिवार

लोकरीचे मोजे सापडले. एकच जोड.

९ ऑक्टोबर, गुरुवार. बेअरपेन.

हॉइट सकाळी वेळेवर आला. बाहेरून भोंगा वाजवला असता तर चाललं असतं, पण उतरून आला आणि दार वाजवलं, स्वतःच्याच घराचं. माझ्या पिशव्या उचलल्या. गाडीत रेडिओ चालू होता. वाटेत एकदा "खिडकी?" म्हणाला आणि पेट्रोल भरताना एकदा "कॉफी?" म्हणाला. दोन्ही वेळा त्यानं विचारलं, हे कबूल केलं पाहिजे.

डोंगर चढायला लागल्यावर झाडं पिवळी दिसायला लागली. मेपल अजून अर्धे हिरवे आहेत.

फाटकावर रेंजरबाईंनी नाव विचारलं. मी माझं सांगितलं.

"आणि हे?"

"हे ट्रक चालवतात," मी म्हटलं. हॉइटनं टोपीला हात लावला.

ट्रेलर उलटा जागेत घालणं हा इथला तिसऱ्या प्रहरचा करमणुकीचा कार्यक्रम. लोक खुर्च्या टाकून बसतात. नवरा आरशात बघत गाडी मागे घेतो, बायको मागे उभी राहून हात हलवते, आणि बघता बघता दोघं एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचतात. सोळा नंबरवर एक तरुण जोडपं आलं होतं, त्यांचं तेच चाललं होतं. "तुझं डावं की माझं डावं?" असं तो खिडकीतून विचारत होता आणि ती कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत होती.

सतरा तर सगळ्यात अवघड. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला जुना ओक, मागे उतार. मी माझ्या नेहमीच्या ठिकाणी जाऊन उभी राहिले. हात आपोआप वर गेला. बोलायची आम्हाला कधी गरज पडलेली नाही. तळहात खाली म्हणजे सावकाश, दोन बोटं म्हणजे ओक, मूठ म्हणजे बस. एका दमात आत. सोळा नंबरची पोरगी टक लावून बघत होती. म्हणाली, "तुमच्या लग्नाला खूप वर्षं झाली असणार."

"हो, संपत आलं," मी म्हटलं. तिला वाटलं मी विनोद केला.

अठरा नंबरवर दर वर्षीप्रमाणे प्रेटर मंडळी आली आहेत, केंटकीहून. बसएवढं मोटरहोम, त्यात दोनच माणसं, विल्मा आणि बर्ल. आमची ओळख या चार दिवसांपुरती, पण जुनी. विल्माला सतरा नंबर हवी आहे हे ती लपवत नाही. भेटल्या भेटल्या म्हणाली, "काय गं व्हर्लीन, अजून जिवंत आहेस होय? यंदाही चान्स नाही म्हणजे."

"बघ बाई, वाट बघ," मी म्हटलं.

सतरावर ट्रेलरच्या मागच्या खिडकीतून धबधबा दिसत नाही, पण ऐकू येतो. खिडकी बोटभर उघडी ठेवली की झोप लागलीच. दुसऱ्या कुठल्याही जागेवर तो ऐकू येत नाही. अठरावर तर विल्माशिवाय काहीच ऐकू येत नाही.

ट्रेलरमध्ये पाऊल टाकलं आणि मी जरा थांबलेच. पायरी नवी आहे, आधीची डुगडुगायची. जेवणाच्या टेबलाच्या खिटीत दर वर्षी माझं बोट चिमटायचं, तिथे आता दुसरी खिटी आहे. तीन वर्षं मेलेला हीटर पहिल्या खटक्यात लागला. पलंगाच्या डाव्या बाजूला वाचायला दिवा बसवलाय. माणूस वस्तू विकायला काढतो तेव्हा अशीच घासूनपुसून ठेवतो.

तो चाकांना पाचरी लावत होता. मी खिडकीतून विचारलं, "गिऱ्हाईक कोण आहे?"

"कसलं?"

"ट्रेलरचं."

तो वर बघत राहिला. मग म्हणाला, "कुणी नाही," आणि पुन्हा पाचर ठोकायला लागला.

म्हणजे अजून मिळालेलं नाही. डाव्या बाजूला मी झोपते, पण ते विकत घेणाऱ्याला कुठे माहीत असणार? तिकडे तार जवळ पडली असेल.

जेवण आपापलं. मी माझे बीन्स गरम केले, त्यानं त्याचे. दोघांचे एकाच कंपनीच्या डब्यातले. शेकोटी मात्र एकच, कारण जागेवर त्यासाठीचं लोखंडी कडं एकच आहे. विल्मानं त्याचं अंथरूण ट्रकमध्ये पाहिलं आणि माझ्याजवळ सरकून म्हणाली, "घोरतो का गं?"

"फार."

"बर्लसुद्धा. पण मी नाही बाई बाहेर काढत. थंडीत पाय शेकायला कुणीतरी लागतंच ना."

आणि आता खरी गोष्ट. भांडी धुवून येताना पाहिलं तर हॉइट ट्रकच्या फळीवर बसून एका नव्या फोनवर बोट आपटत होता. त्याच्याकडे आजवर तो झाकणाचा फोन होता. तोही बहुतेक वेळा ट्रकच्या खणात पडलेला असायचा.

"हा कुठून आला?"

"लेटानं दिला. शिकवलं पण तिनं."

"काय शिकवलं?"

"ते. जागेचं."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. यानं भांडं माझ्यासमोर आणून ठेवलं. म्हणजे हा लढायला आलाय, आणि पोटची पोर त्याला हत्यार पुरवते आहे. ठीक आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांना रांगेत उभं करून जेवू घातलेली बाई आहे मी. आठच्या ठोक्याला बोट कुणाचं आधी पडतं ते बघू.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गवतावर दव गोठलं होतं. दार उघडलं तर नव्या पायरीवर माझा थर्मास. आत कॉफी, दुधाशिवाय, मला लागते तशी. आसपास कोणी नाही. जेवणखाण आपापलं असं ठरलं होतं. पिऊन टाकली, थर्मास धुतला आणि ट्रकच्या फळीवर ठेवून आले.

नंतर खाली धबधब्याच्या पायथ्याशी गेले. वाट तीच, कठड्याचे काही लाकडी खांब नवे. खाली आमचा खडक आहे, बसकट, दोन माणसांपुरता. हॉइट आधीच येऊन बसला होता. खडक सगळा मोकळा असूनही अर्ध्यावरच बसला होता, कडेला, एक पाय जवळजवळ पाण्यात. मी उरलेल्या अर्ध्यावर बसले. उभं राहून तरी काय करणार?

पाणी बारीक होतं. वरच्या कड्यावरून एकच धार येते, मध्ये खडकावर आपटून फुटते आणि खाली डोहात पिवळी पानं गोल फिरत राहतात.

"पाणी कमी आहे," तो म्हणाला.

"पाऊस कुठे झालाय."

मग मी विचारलं, "भावाकडे झोपतोस कुठे?"

"ट्रेलरमध्ये. त्याच्या परसात लावलाय."

"त्यांच्या घरात खोली आहे की."

"आहे."

"मग?"

"ट्रेलर बरा वाटतो."

"हिवाळ्यात गोठशील."

"हीटर चालतो आता."

मग तो डोहाकडे बघत म्हणाला, "उद्या तू दाबणार ना?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. असंच."

तो उठला. त्याचा गुडघा दुखतो, त्यामुळे दोन टप्प्यांत उठतो. वर जाताना ओल्या पायरीवर थांबून त्यानं हात पुढे केला. मी कठडा धरला. कठडा होता ना, मग हात कशाला?

(संध्याकाळ)

वर आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. म्हणजे ट्रेलर विकायचा नाहीये. तो त्यात राहतोय. पायरी, खिटी, दिवा, सगळं राहण्यासाठी. हा माणूस फेब्रुवारीपासून भावाच्या परसात एका पत्र्याच्या डब्यात राहतोय आणि दिवा मात्र माझ्या बाजूला लावतोय. सवयीनं लावला असेल. इतकी वर्षं उजवीकडे झोपल्यावर माणूस डावीकडे सरकत नाही.

माझ्याकडे घर आहे, ओटा आहे, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. त्याला वर्षाकाठी वाट बघायला काय आहे? ही जागा. धबधब्याच्या आवाजाला हा माणूस लहान मुलासारखा झोपतो, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

तर मी उद्या दाबणार नाही. सतरा त्याला जाऊ दे.

यात दया वगैरे काही नाही. मलाच कंटाळा आलाय. बीन्स, धूर, कपड्यांना वास. त्याला आधी सांगणार मात्र नाही. सांगितलं तर म्हणेल 'तुझी मर्जी', मग माझं डोकं फिरेल आणि मी दाबून मोकळी होईन.

विल्मा सफरचंदाचा थरांचा केक घेऊन आली होती. हा केक ती घरून करून आणते आणि शुक्रवारी वाटते. लाच आहे असं स्वतःच म्हणते. ताटली हातात देत म्हणाली, "काय मग, उद्या बोट तयार आहे ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी यंदा नाही दाबणार."

"चेष्टा करतेस."

"नाही गं. पुरे झालं आता."

विल्मा गप्प झाली. असं पूर्वी कधी झालेलं नाही. तिनं बर्लकडे पाहिलं. बर्ल दुपारभर हॉइटबरोबर लाकडं फोडत होता, आता कुऱ्हाड पुसत बसला होता. तोही तिच्याकडे बघायला लागला. मग विल्मानं मला केकचा आणखी एक तुकडा वाढला आणि माझ्या हातावर थोपटलं. माझं काय चुकलं की मी आजारी आहे, काही कळेना. म्हातारपणी माणसं हळवी होतात.

रात्री थंडी वाढेल असं रेंजरबाई सांगून गेल्या. माझी जास्तीची गोधडी ट्रकमध्ये टाकली. जागा अडत होती.

११ ऑक्टोबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

फोनला रेंज या सगळ्या डोंगरात एकाच ठिकाणी येते, धबधब्याच्या माथ्यावर, जिथून खाली बघायला कठडा बांधलाय. त्यामुळे आठ वाजायच्या आधी निम्मं कॅम्पग्राउंड तिथे जमतं. कुणी गाऊनवर कोट चढवून, कुणी सपातांवर, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फोन. खाली शे-दीडशे फूट पाणी पडत असतं आणि एकाचीही नजर तिकडे नसते.

दाबायचं नव्हतं तरी मी गेले. फोन कोटाच्या खिशात. हॉइट कठड्याच्या टोकाला उभा होता, नवा फोन हातात. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, घे बाबा, आणि त्याच्यापासून चार माणसं सोडून उभी राहिले. मला त्याचं बोट बघायचं नव्हतं, म्हणून पाण्याकडे बघत राहिले. सकाळच्या उन्हात धार पांढरी दिसत होती. इतक्या वर्षांत आठ वाजता मी ती पहिल्यांदाच पाहिली.

सगळे एकदम गप्प झाले, म्हणजे आठ वाजले. मग कुणीतरी शिवी हासडली, सोळा नंबरच्या पोरीला कुठलीतरी जागा मिळाली, ती नाचायला लागली. आणि विल्मानं किंकाळी फोडली.

"मिळाली! बर्ल, अरे मिळाली! सतरा!"

मी हॉइटकडे पाहिलं. त्याच्या हातात फोन तसाच होता, पडदा काळा. तोही पाण्याकडेच बघत होता. किंकाळीनं त्यानं मान वळवली आणि विल्माकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

मी माणसं ओलांडून त्याच्याजवळ गेले.

"गेली तुझी," तो म्हणाला.

"माझी कुठली? मी दाबलंच नाही."

त्याला हे समजायला वेळ लागला. "का?"

"तुला मिळावी म्हणून. तू का नाही दाबलंस?"

"दोन फोन असले तर जास्त चान्स असतो, असं लेटा म्हणाली होती. म्हणून शिकलो. काल लाकडं फोडताना मनात आलं, माझं बोट आधी पडलं आणि तुझी जागा माझ्या नावावर लागली, तर?"

"तर काय?"

"तर तू यायची नाहीस."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो असं म्हणतात. आमचं तर भांडणसुद्धा नव्हतं. दोघांच्या समजूतदारपणात जागा गेली.

तेवढ्यात विल्मा आली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता आणि त्याची तिला लाज वाटत होती. "व्हर्लीन, देवाशपथ सांगते, तू काल नाही म्हणालीस. आणि हॉइटनं बर्लला सांगितलं की तोही दाबणार नाही. आम्हाला वाटलं तुमच्यात कुणाची तब्येत..."

"तब्येत ठणठणीत आहे," मी म्हटलं. "लाभू दे तुला. रात्री मागची खिडकी बोटभर उघडी ठेव."

ती गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो जागेचा नव्हता.

"तुला हवी होती का नव्हती?" मी विचारलं. "सरळ सांग. माझी मर्जी असं म्हणालास तर फोन खाली फेकून देईन. तुझाच."

त्यानं फोन खिशात ठेवला. मग कठडा दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं आता पुन्हा "हं".

"मला एकट्याला नको होती," तो म्हणाला.

ताटात काय वाढलंय याबद्दलसुद्धा हा माणूस कधी 'मला हवं' किंवा 'मला नको' असं म्हणालेला मला आठवत नाही.

"हे फेब्रुवारीत का नाही म्हणालास?"

"तेव्हा तू जागेबद्दल विचारलं नव्हतंस."

"घराबद्दल विचारलं होतं ना!"

"तू ठरवून टाकलं होतंस, व्हर्लीन. तुझा आवाज तसा होता. तू ठरवल्यावर मी कधी मध्ये पडलोय?"

मी फोन काढला, निदान हाताला काम म्हणून. सगळ्या जागा लाल झाल्या होत्या. एक सोडून.

"एकतीस आहे," मी म्हटलं.

"ती? मैलापाणी सोडतात तिथली?"

"तीच. कुणी घेत नाही. घेऊ?"

"तुझी..." तो म्हणाला आणि थांबला. मीही थांबले. मागे कुणीतरी आपल्या नवऱ्याला "एकतीस बघ, एकतीस" असं सांगत होतं.

"घे," हॉइट म्हणाला. "घे लवकर."

घेतली. नाव माझंच लागलं.

दुपारी विल्मा केकचा उरलेला अर्धा भाग ठेवून गेली. तो आपापला खाल्ला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. घरी.

लेटाचा फोन आला तेव्हा आम्ही वाटेत होतो, मी ट्रकमध्येच होते. "बाबांशी नंतर बोलते," ती म्हणाली. "इथेच आहेत, बोल," मी म्हटलं. "इथेच म्हणजे?" तिनं दोनदा विचारलं. तिची वेळेची वाटणी बिघडली असावी.

वाटेत रेंज आल्यावर वकीलबाईंचा निरोपही आला होता, नोव्हेंबरच्या तारखेबद्दल. हॉइटला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मला नाही जायचं तिथे." दोन दिवसांत दुसऱ्यांदा. मी अजून उत्तर दिलेलं नाही. एका 'नको'वर घर चालत नाही, हे मला कळतं. उद्या फोन करून तारीख पुढे ढकलता येते का ते विचारीन, मग बघू.

पार्कमधून निघताना सगळ्यांना ट्रेलरची मैल्याची टाकी रिकामी करायला रांगेत उभं राहावं लागतं. आमचा नंबर येईपर्यंत मी एकतीस बघून आले. खडी, विजेचा खांब, सावलीला एकही झाड नाही. वासाबद्दल न लिहिलेलं बरं. दगड नाही, उतार नाही, सोळा नंबरची पोरंसुद्धा तिथे ट्रेलर सहज लावतील. मी मधोमध उभी राहून धबधबा ऐकू येतो का ते बघत होते. शेजारी मैलापाण्याचा पंप धडधडत होता.

तिकडे हॉइट हातमोजे घालून पाइप धरून उभा होता. त्याचे ओठ हलले.

"काय?" मी ओरडले.

"म्हटलं, कशी आहे?"

"काही ऐकू येत नाही!"

"कशी आहे जागा?" तो इतक्या जोरात ओरडला की रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. लग्न झाल्यापासून मी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"वाईट!" मी ओरडून सांगितलं. "तुला चालेल का?"

"चालेल!"

एकतीस नंबरवर धबधबा अजिबात ऐकू येत नाही. बोलायचं असेल तर ओरडूनच बोलावं लागतं.